बायूकाठचा रानमेवा: लुईझियानातल्या पहिल्या वर्षासाठी

लाफायेटला आम्ही राहायला आलो तो मार्च महिना होता. गावाबाहेरच्या रस्त्याला लागलं की कडेच्या चरात अख्खं घर उतरलेलं दिसायचं. आजी-आजोबा, पोरंटोरं, हातात काठी, काठीला जाळं, शेजारी बादली. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. पहिल्या पावसात बांधावर खेकडी धरणारी माणसं बघतच मी वाढले, त्यामुळे गाडी थांबवल्याशिवाय राहवेना. ती माणसं क्रॉफिश धरत होती, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडं (लॉब्स्टर).

पुढच्या नऊ वर्षांत मी या दलदलीतून बरंच काही वेचून आणलं आणि चुकाही पोटभर केल्या. त्यातल्या दोन-तीन चुका जिवावर बेतल्या असत्या. ह्यूस्टनहून, डॅलसहून बदली होऊन आलेली आपली मंडळी वीकेंडला 'रानमेवा कुठे मिळतो गं' म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बायू म्हणजे संथ ओढा, इतका संथ की पाणी वाहतंय की नाही तेच कळत नाही. हा सगळा मुलूख केजन, म्हणजे मूळच्या फ्रेंच, लोकांचा. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललं, आणि त्यातले बरेच १७६० च्या दशकापासून इथे येऊन वसले. या पाण्यावर पोट कसं भरायचं ते इथल्या मूळच्या लोकांकडून आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांकडून ते शिकले. म्हणजे इथे प्रत्येक जण कधी ना कधी नवखा होताच. आपण थोडे उशिरा आलो, एवढंच.

१. आधी कागद, मग टोपली

परवाने देणारं खातं म्हणजे लुईझियाना डिपार्टमेंट ऑफ वाइल्डलाइफ अँड फिशरीज. सगळं ऑनलाइन होतं. फी अधूनमधून बदलते, म्हणून आकडे इथे देत नाही. लागतं ते असं:

- लुईझियानाचं ड्रायव्हिंग लायसन्स. राज्यात सहा महिने सलग राहिलात की 'रहिवासी' दरानं परवाना मिळतो. त्याआधी बाहेरच्याचा दर, आणि तो चांगलाच महाग.
- वय १८ किंवा जास्त असेल तर मासेमारीचा बेसिक परवाना. क्रॉफिशसाठी तारेचे सापळे लावायचे असतील तर त्याचा वेगळा गिअर परवाना, आणि सापळे ३५ च्या वर नाहीत.
- सरकारी राखीव रानात, म्हणजे वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात, पाऊल टाकण्याचा प्रवेश परवाना. नुसती बोरं वेचायची असली तरी हा लागतो. आत जाताना आणि बाहेर पडताना नोंदही करावी लागते. मी पहिल्या वेळी बाहेर पडल्याची नोंद विसरले होते.
- शिकारीसाठी वेगळा परवाना. १ सप्टेंबर १९६९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असला तर त्याला अपवाद आहे. पण 'मित्राची बंदूक होती, मी नुसती धरली' हे कारण चालत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून ही जोखीम कशाला घ्यायची? आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. मी स्वतः आजवर बंदुकीला हात लावलेला नाही, आणि माझं काही अडलेलं नाही.

२. जमीन कुणाची, पाणी कुणाचं

आपल्याकडे डोंगरावरची करवंदं कुणाच्या मालकीची असं कुणी विचारत नाही. इथे विचारतात. झाडाच्या खोडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा फासलेला दिसला तर तिथूनच मागे फिरा. 'आत येऊ नका' या पाटीचाच तो अर्थ आहे. पाटी नाही, कुंपण नाही, म्हणून जमीन मोकळी असंही नाही. पाण्याचं तर आणखी विचित्र. होडीतून सरळ जात राहिलात तरी बाजूचा फाटा खासगी असू शकतो.

भाताच्या खाचरात ओळीनं सापळे उभे दिसले तर हात लावू नका. इथले शेतकरी भात कापून झाला की त्याच खाचरात पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात. ते कुणाचं तरी पीक आहे.

सुरुवातीला सोपं पडतं ते शर्बर्नचं राखीव रान. अचाफलाया नदीच्या खोऱ्यातच आहे, बॅटन रूजच्या रस्त्यावर. हे खोरं म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी नदीकाठची दलदल. आय-१० महामार्ग त्यावरून जवळजवळ २९ किलोमीटर नुसत्या पुलावरून जातो. राखीव रानात बोरं, मऊ फळं, अळंबी माणशी रोज पाच गॅलनपर्यंत घेता येतात. स्टेट पार्कमध्ये मात्र झाडांना हात लावायचा नाही.

३. अंगावर काय, झोळीत काय

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लांब बाह्यांचा शर्ट, एक लांब काठी, बादली, कात्री, भरपूर पाणी, डासांचा स्प्रे, शिट्टी, आणि नेट नसताना चालणारा नकाशा फोनमध्ये. ऑक्टोबर ते जानेवारी रानात जायचं तर भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी. बंदूकवाला तुम्हाला दिसणार नाही, पण तुम्ही त्याला दिसलात पाहिजे.

साप म्हणाल तर पाण्याकाठचा कॉटनमाउथ. जुने केजन लोक त्याला 'काँगो' म्हणतात. हा पळत नाही, जागेवरच वेटोळं करून तोंड उघडतो आणि आतून कापसासारखं पांढरं दिसतं. त्यामुळे ओंडक्याच्या पलीकडे आधी काठी, मग डोळा, मग पाय. मगरींचं म्हणाल तर इथली मगर सहसा आपणहून लांब जाते. पण जून-जुलैत मादी घरट्यापाशी असते. काठावर चिखल-पाल्याचा ढीग दिसला तर लांबून वळसा घाला.

खरा त्रास देतात ते दिसत नाहीत असे किडे. बेट रूज, म्हणजे लाल कीड. टाचणीच्या टोकापेक्षा लहान. गवतातून अंगावर चढतात आणि कमरेच्या नाडीपाशी, मोज्याच्या कडेला चावतात, मग आठवडाभर खाजवत बसा. घरी आल्या आल्या साबण लावून कढत पाण्यानं अंघोळ, आणि कपडे थेट मशीनमध्ये.

पॉयझन आयव्ही ओळखायला पहिल्याच दिवशी शिका. एका देठाला तीन पानं, ओकच्या खोडावर चढलेली वेल. हिवाळ्यात पानं झडतात तेव्हा वेलीला केसाळ मुळ्या दिसतात, तीही तितकीच वाईट. ही आपल्या बिब्ब्याच्या कुळातली. बिब्बा उतलेला ज्यानं बघितलाय त्याला जास्त सांगायला नको.

४. एक म्हातारं माणूस शोधा

पुस्तकं, अ‍ॅप सगळं वापरा, पण ज्या गोष्टीला इथल्या जाणत्या माणसानं बोट लावून 'हेच ते' म्हटलेलं नाही ती तोंडात घालू नका. आमच्या शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले. पहिले सहा महिने मी त्यांना नुसता चिवडा नेऊन देत होते. मग एक दिवस ते म्हणाले, 'उद्या सहाला तयार राहा.' घाई केलीत तर कुणी जागा दाखवत नाही. आपल्याकडेही शेवळं कुठे उगवतात ते माझ्या आजीनं सख्ख्या जावेला सांगितलं नव्हतं.

५. एप्रिल: ड्यूबेरी, मग मेहॉ

सुरुवात ड्यूबेरीनं करा. ब्लॅकबेरीची ही जमिनीलगत सरपटणारी बहीण, रस्त्याकडेला, रेल्वेरुळांच्या बाजूला कुठेही. काटे बारीक आणि कडक. लालचं काळं झालं आणि हात लावताच फळ सुटलं तरच घ्या. ओढावं लागलं तर आंबट निघतं. महामार्गाच्या आणि रुळांच्या अगदी कडेचं घेऊ नका, तिथे तणनाशक मारतात. ब्लॅकबेरी थोडी नंतर, मे महिन्यात.

एप्रिलच्या अखेरीस मेहॉ पिकतो. पाण्यातच उभं असलेलं काटेरी झाड, बोराएवढी लालसर फळं. पिकली की टपाटप पाण्यात पडतात आणि तरंगतात. लोक होडीतून जाळीनं उपसून घेतात. नुसतं खायला फारसं नाही, पण जेली अशी होते की आमच्याकडे पोळीबरोबर महिनाभर दुसरं काही लागत नाही.

६. क्रॉफिश

खोऱ्यातलं जंगली क्रॉफिश नदीच्या पुरावर अवलंबून असतं. वसंतात पाणी चढलं, रानात पसरलं, की त्याचा हंगाम. साधारण मार्च ते जून.

नवख्यानं होडी आणि सापळ्यांच्या मागे न लागता चौकोनी जाळी घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तारेच्या दोन कमानी, खाली जाळं, मध्ये आमिष बांधायची जागा. आमिष म्हणून इथे 'मेल्ट' वापरतात, म्हणजे गुरांची प्लीहा. चिवट असते, पाण्यात लवकर सुटत नाही. दहा-बारा जाळ्या चरात ओळीनं ठेवायच्या, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पहिलीपासून काठीनं उचलत जायचं. उचल एका झटक्यात हवी. हळू उचललंत तर सगळी शेपटी मारून मागच्या मागे पसार होतात. आपली खेकडी आडवी पळतात, ही उलटी.

धरलेली क्रॉफिश बादलीभर पाण्यात ठेवू नका, गुदमरून मरतात. ओलं गोणपाट, सावली, बस. मिठाच्या पाण्यात घातलं की पोटातली घाण निघते असं सगळे सांगतात. निघत नाही. साध्या पाण्यानं खळखळून धुवा. शिजल्यावर शेपटी सरळ राहिली तर ते आधीच मेलेलं होतं, ही दुसरी समजूत. तीही भरवशाची नाही. भांड्यात टाकण्याआधी हलतंय का ते बघा, न हलणारं फेकून द्या.

७. घरच्यासारखं दिसतं तिथे थांबा

या लेखातला हा भाग दोनदा वाचा. इथे आपण फसतो ते अनोळखी झाडांमुळे नाही, ओळखीच्या वाटणाऱ्या झाडांमुळे.

पहिलं अळू. बायूच्या काठाला मैलोन्‌मैल अळू माजलंय, छातीएवढं. पहिल्या पावसाळ्यात मी पिशवीभर पानं आणली, भरपूर चिंच घातली, तासभर शिजवलं आणि फदफदं केलं. पहिल्याच घासाला नवऱ्याचा चेहरा बदलला. जीभ, घसा, ओठ, सगळीकडे सुया. दूध, दही, तूप, काही चालेना. तो रात्रभर बर्फ चघळत बसला होता. जात अळूचीच, पण रानटी झालेलं, खाज भयंकर. शिवाय दोन गोष्टी तेव्हा मला माहीत नव्हत्या. देठांवर जे गुलाबी, च्युइंगमसारखे पुंजके दिसतात ती अ‍ॅपल स्नेल या परक्या गोगलगायीची अंडी. ही गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी वाहून आणू शकते, आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. आणि पाण्यातलं हे तण मारायला वरून औषध फवारतात. अळूवडी खायची तर इंडियन स्टोअरमधून पानं आणा.

दुसरं कडुनिंब. सासूबाई पाडव्याला इथे होत्या. सकाळी फिरायला गेल्या आणि हसत हसत डहाळी घेऊन आल्या, 'अगं, इथे कडुनिंब आहे की!' गुळाबरोबर वाटायला घेणार तेवढ्यात शेजारचे आजोबा कुंपणावरून ओरडले. ते कडुनिंब नव्हतं, बकाणा निंब होता. इथे चायनाबेरी म्हणतात. गावोगाव आहे आणि विषारी आहे, फळं तर जास्तच. फरक असा बघा: कडुनिंबाच्या एका देठाला दोन्ही बाजूंना पानांची एकच रांग. बकाण्याच्या देठाला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांना पानं. शिवाय पाडव्याच्या सुमाराला त्याला जांभळट फुलांचे घोस असतात आणि गेल्या वर्षीची पिवळी फळं अजून लटकत असतात.

तिसरी गाबोळी. मालवणी वाचकांनी कान टवकारावेत. गार नावाचा लांब चोचीचा, चिलखती खवल्यांचा मासा इथे मिळतो. मांस चांगलं, गाबोळी विषारी. तळून, उकडून, कशानंही विष जात नाही. शूपिक नावाच्या दुसऱ्या माशाची गाबोळी मात्र 'केजन कॅव्हियार' म्हणून विकतात. दोघांत गल्लत नको.

चौथी अळंबी. पावसानंतर हिरवळीवर छत्रीसारखी मोठी पांढरी अळंबी उगवतात, आपल्या वारुळावरच्या अळंब्यांची आठवण यावी अशी. टोपी कापून पांढऱ्या कागदावर पालथी घाला, वर वाटी झाका, रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडलेली दिसली तर ती विषारी. पण भुकटी हिरवी नाही म्हणजे खाण्याजोगी, असं समजू नका. पहिल्या वर्षी अळंबी घेऊच नका असं माझं मत. तिसऱ्या उन्हाळ्यात आजोबांनी ओकखालची शांतरेल नावाची अळंबी दाखवली, तेव्हापासून मी फक्त तीच घेते.

पाचवं, चरातली पांढऱ्या छत्रीफुलांची झाडं. कोथिंबिरीच्या, बडीशेपेच्या कुळातलं काहीतरी वाटतं. त्यातच वॉटर हेमलॉक असतो आणि त्याचं थोडंसं मूळही माणूस मारायला पुरतं. या तोंडवळ्याच्या कुठल्याही झाडाला हात नको.

ओळखीचं आणि खरंच चालणारं एकच सांगते: घोळ. अंगणातल्या फटींत उगवते ती तीच घोळ. मात्र मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या.

पोटात काही चुकीचं गेलंय अशी शंका जरी आली तरी पॉयझन कंट्रोलला फोन लावा: १-८००-२२२-१२२२. चोवीस तास, फुकट. झाडाचा तुकडा फेकू नका, दाखवायला लागतो.

८. ऑगस्ट: कमळबी आणि फिले

हेंडरसनच्या बाजूला उथळ पाण्यात पिवळी कमळं फुलतात. जुलै-ऑगस्टमध्ये शेंगा हिरव्या असताना होडीतून तोडायच्या. केजन लोक या बियांना 'ग्रेन आ वोले' म्हणतात आणि शेंगदाण्यासारख्या येता-जाता खातात. साल नखानं निघते, आत पांढरी बी, आणि तिच्या पोटात हिरवा कोंब. तो कडू, काढून टाका. मी पहिल्यांदा न विचारता सोलून कोंब काढला तेव्हा होडीतले आजोबा चकित झाले. कमळगट्टा आम्हीही खातो म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल जरा आदर वाटू लागला असावा.

फिले म्हणजे सासाफ्रास नावाच्या झाडाच्या पानांची पूड, गंबोत, म्हणजे इथल्या दाट रश्श्यात, घालायची. मूळची चॉक्टॉ लोकांची. हे झाड दलदलीत शोधू नका. उंचवट्यावर, निचऱ्याच्या जमिनीत, कुंपणाच्या कडेला मिळतं. ओळख सोपी: एकाच झाडावर तीन आकारांची पानं. एक साधं, एक अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, एक तीन बोटांचं. चुरगळलं की गोडसर वास येतो. पानंच घ्या, मुळं नकोत. मुळांतला सॅफ्रोल हा घटक अमेरिकेत खाण्यात वापरायला १९६० पासून बंदी आहे.

पानं सावलीत वाळवायची, उन्हात हिरवा रंग जातो. करकरीत झाली की शिरा काढून उखळात कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. जुन्या घरांतून सायप्रसच्या लाकडाचं उखळ-मुसळ अजून दिसतं. मी आपली मिक्सरवर करते. पूड गंबोत घालायची ती भांडं खाली उतरवल्यावरच. उकळलीत तर तारा सुटतात.

९. शिकार: मागे बसून शिका

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी खारींचा हंगाम उघडतो. हसू नका, विल प्लॅटच्या बाजूला हा सणच असतो. दिवसाला माणशी आठ. रश्श्यात तासभर शिजवून भातावर वाढतात, आणि रस्सा खरोखर आपल्या गावठी कोंबडीच्या वाटेनं जातो. पहिल्या वर्षी नुसतं सोबत जा, पक्षी-प्राणी ओळखा, सोलणं-साफ करणं शिका.

बेडकांची शिकार रात्री, होडीतून, डोक्याला दिवा लावून. मोठ्या बेडकाला इथे 'वावारॉन' म्हणतात, ओरडतोही तसाच. एप्रिल आणि मे पूर्ण बंद. गोव्याच्या वाचकांना 'जंपिंग चिकन' आठवलं असेल. तिकडे बेडूक धरायलाच बंदी आहे, त्यामुळे इथले फोटो तिकडे पाठवून कुणाला हौस लावू नका.

रानडुक्कर साफ करताना हातमोजे घाला, त्याच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार होतो. आर्माडिलो या खवलेमांजरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला हात लावू नका, त्याच्यात कुष्ठरोगाचे जंतू असू शकतात. आणि शिकारीचं मांस विकायचं नाही, कायद्यानं गुन्हा आहे. वाटायला हरकत नाही, आणि इथे वाटतातच.

१०. नोव्हेंबर: पिकान, अर्धेलीनं

थंडी पडली की पिकान, म्हणजे अक्रोडाच्या जातीची फळं, गळायला लागतात. झाडं बहुतेक कुणाच्या तरी अंगणात, पण म्हाताऱ्या मालकांना वाकवत नाही. दार वाजवा आणि विचारा, 'अर्ध्यावर वेचू का?' हा इथला जुना रिवाज आहे, शब्दशः आपली अर्धेली. दोन बादल्या न्या. एक त्यांची, एक तुमची, आणि त्यांची आधी भरा. तुमच्या बादलीतले घरी आल्यावर लगेच फोडू नका. दोन आठवडे हवेशीर जागी पसरून ठेवा. एखादा मोडून बघा: गर कट्‌कन तुटला तर तयार, वाकला तर अजून थांबा.